फळ्यापुढे कोण उभे आहे?

शिक्षकाला जात नसते, असे आमच्या स्टाफरूममध्ये वरचेवर म्हटले जाते. हे वाक्य ज्यांच्या तोंडी असते ते खोटे बोलतात असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यापुरते ते खरेच आहे. बालवाडीपासून एम. ए. पर्यंत त्यांना ज्यांनी शिकवले ते बहुतेक त्यांच्याच आळीतले, त्यांच्याच नात्यागोत्यातले किंवा तशाच घरांतले होते. घरातली भाषा आणि वर्गातली भाषा एक. घरातले सण आणि पाठ्यपुस्तकातले सण एक. जात दिसावी असा प्रसंगच त्यांच्यावर आला नाही. ज्याच्या पायाला उंबरठा कधी लागला नाही, त्याला घराला उंबरठा आहे हे कळावे तरी कसे?

शिक्षक निरनिराळ्या जातिजमातींतून यावेत, स्त्रियांतून, अल्पसंख्याकांतून यावेत, असे कोणी म्हटले की चर्चा लगेच राखीव जागांवर येते आणि तेथून गुणवत्तेवर. नोकरी कोणाला मिळाली आणि कोणाची हुकली, एवढाच जमाखर्च मांडला जातो. समोर बाकावर जे पोर बसले आहे त्याच्या बाजूने हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो येथे मांडून पाहायचा आहे. त्यासाठी मला थोडे स्वतःविषयी बोलावे लागेल. वाचकांनी क्षमा करावी.

माझे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा झाला की आमचे गाव अर्धे रिकामे होई. गाड्या कारखान्यांच्या दिशेने निघत आणि पाडव्याच्या आसपास परतत. मी आजीजवळ मागे राही म्हणून माझी शाळा टिकली. माझ्या थोरल्या बहिणीची टिकली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली तीन वर्षे ज्या गुरुजींनी शिकवले ते वाईट नव्हते. त्यांनी कधी मारले नाही, जातीवरून बोलले नाहीत. फक्त ते आमच्याकडे पाहत नसत. हजेरीत आमची नावे आली की त्यांचा आवाज उतरे. ही मुले आज आहेत, उद्या नाहीत, असे त्यांनी धरून ठेवले होते. आणि आम्हीही तेच धरून ठेवले होते. यातले आमचे धरून ठेवणे हाच खरा या लेखाचा विषय आहे.

मी चौथीत असताना बदलीने एक नवे गुरुजी आले. ते आमच्या समाजाचे होते आणि त्यांचे आईवडीलही एके काळी ऊस तोडीत. हे आम्हाला कोणी सांगितले नाही. त्यांनी घातलेल्या गणितावरून कळले. पुस्तकातली गणिते असत ती दुकानदाराच्या नफ्यातोट्याची आणि हौद भरणाऱ्या नळांची. आमच्या वस्तीत नळही नव्हता आणि हौदही नव्हता. या गुरुजींनी फळ्यावर लिहिले ते असे: एका कोयत्याने मुकादमाकडून दहा हजारांची उचल घेतली. कोयता दिवसाला दीड टन ऊस तोडतो. टनाला साठ रुपये मिळतात. तर उचल किती दिवसांत फिटेल?

वर्गातल्या निम्म्या मुलांना प्रश्नच कळला नाही. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे आम्ही त्यांना सांगितले. शाळेत आम्ही कोणाला काही समजावून सांगितले असा तो पहिला दिवस. उत्तर आले एकशे अकरा दिवस, वर दहा रुपये बाकी. त्या पाडव्याला वडील परत आले तेव्हा साडेपाच महिने राबूनही मुकादमाच्या वहीत त्यांच्या नावावर बाकी निघत होती. मी माझी वही पुढे घेतली. टन विचारले, खाडे विचारले, आणि हिशेब केला. तो जुळला नाही. वडिलांनी ते पान फाडून घेतले, घडी करून बंडीच्या खिशात ठेवले आणि म्हणाले, "कुणाला सांगू नकोस." पुढच्या हंगामाला त्यांनी मुकादम बदलला. याहून मोठे काही घडले नाही. उचल पुन्हा घ्यावी लागलीच. पण हिशेब हा फक्त मुकादमाच्याच वहीत असतो असे नाही, हे आमच्या घरात त्या वर्षी कळले.

अशा शिक्षकाला आता ‘रोल मॉडेल’ म्हणतात आणि मराठीत त्याचे ‘आदर्श’ असे भाषांतर करतात. मला हा शब्द पटत नाही. गुरुजींना मी आदर्श मानल्याचे आठवत नाही. ते हेकट होते, तंबाखू खात, आणि पावसाळ्यात त्यांची सायकल चिखलात रुतली की पोरांकडून ढकलून घेत. बाबासाहेबांची तसबीर आमच्या घरात होती, शेजारी होती, समाजमंदिरात होती. पण तसबिरीकडे पाहून लहान पोराला वाटते ते हे, की ते बाबासाहेब होते म्हणून एवढे शिकले, आपल्याला कोठून जमणार! जो माणूस आपल्यासारखा बोलतो, चिखलात रुततो आणि तरीही फळ्यावर भागाकार करतो, त्याच्याकडे पाहून वाटते ते निराळे. भागाकार ही कोणाच्या घराण्यातली वस्तू नव्हे, हे त्याच्या नुसत्या उभे राहण्याने सिद्ध होते. दरवर्षी ५ सप्टेंबरला शाल-श्रीफळ देऊन जे आदर्श शिक्षक जाहीर होतात त्यांच्याशी या गोष्टीचा फारसा संबंध नाही.

हा विचार कोणी परदेशातून आणलेला आहे, असेही समजू नये. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत आणि ते शेतकऱ्यांच्या मुलांपासून अंतर राखून असतात, ही त्यांची तक्रार होती. शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून घ्यावेत, कारण ते या मुलांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असा त्यांचा आग्रह होता. वेळ आली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचे वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा शिक्षक त्यांना हवा होता. आणि अशा परीक्षा उत्तीर्ण शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असेही त्यांनी बजावले. जोतीरावांचा मुद्दा येथे नीट पाहण्यासारखा आहे. शेतकऱ्याच्या मुलाला नोकरी मिळावी एवढ्यासाठी ते हे मागत नव्हते. शिकवणे चांगले व्हावे म्हणून मागत होते. आज ज्याला गुणवत्तेच्या विरुद्ध मानले जाते, ते त्यांनी गुणवत्तेची अट म्हणून मांडले.

त्यांच्या म्हणण्याचा पुरावा पुढे बाबासाहेबांच्याच घरात सापडतो. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या काळी लष्करात शिपायांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती, आणि तिच्यातून महारांमध्ये लिहितावाचता माणसांची एक पिढी तयार झाली. गोपाळबाबा वलंगकर हे त्याच पिढीतले. सैन्याची दारे आमच्यासाठी बंद झाली तशी ही वाटही बुजली. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलायला धावली, हा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. शाळेने फळा विटाळतो असे शिकवले. घरात मात्र वडीलच मास्तर होते. ज्या मुलाच्या घरात असा मास्तर नव्हता, अशी त्या पिढीची किती भीमराव-मुले गोणपाटावरूनच उठून गेली असतील, याची मोजदाद कोण करणार?

येथे कोणी म्हणेल की केळूसकर गुरुजींचे काय? प्रश्न रास्त आहे. मॅट्रिक झालेल्या भीमरावांना आपले बुद्धचरित्र भेट देणारे आणि पुढे बडोद्याच्या महाराजांपर्यंत त्यांचे नाव पोहोचवणारे कृष्णाजी अर्जुन केळूसकर अस्पृश्य नव्हते. औरंगाबादला १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जे महाविद्यालय काढले, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले, त्याचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हेही नव्हते, आणि मराठवाड्यातल्या आमच्या दोन पिढ्या त्यांचे ऋण मानतात. जात पाहून माणूस चांगला की वाईट ठरवावा, असे या लेखात कोठेही म्हटलेले नाही. पण चांगल्या माणसाची भेट होणे हा योग असतो, आणि एका समाजाचे शिक्षण योगावर सोडता येत नाही. शिवाय केळूसकर भेटल्याने मुलाला पुस्तक मिळते, आधार मिळतो. ‘माझ्यासारखा माणूस तेथे उभा आहे’ ही खात्री मात्र केळूसकर देऊ शकत नाहीत. ती त्यांच्या हातात नाही.

ही खात्री म्हणजे नुसती भावनेची गोष्ट नव्हे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले आणि सोडवतील त्याप्रमाणे पैसे दिले. मुलांची जात उघड केली नव्हती तोवर वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांत फरक दिसला नाही. सर्वांदेखत नावाबरोबर जात वाचून दाखवली, तेव्हा खालच्या जातींची मुले एकाएकी मागे पडली. तीच मुले, तेच कोडे. पण या प्रयोगात त्याहून विचार करायला लावणारा एक भाग आहे. बक्षीस कोणाला मिळणार हे माणसाऐवजी चिठ्ठी काढून ठरेल असे केले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे पोराची बुद्धी मंद झाली नव्हती. आपण कितीही केले तरी समोरचा माणूस आपल्याला न्याय देणार नाही, असे त्याने आधीच ताडले होते आणि त्या मानाने हात आखडता घेतला होता. बारा वर्षांच्या मुलाला माणसापेक्षा चिठ्ठीचा भरवसा अधिक वाटतो, हे आपल्या समाजव्यवस्थेचे प्रगतिपुस्तक आहे. मी तिसरीपर्यंत हात वर करीत नव्हते ते का, हे मला तो प्रयोग वाचताना कळले. मला उत्तर येत नव्हते असे नाही.

मिलिंदमध्ये प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून आल्यावर विद्यार्थ्यांना कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचायला लावले, तेव्हापासून आपल्या लेखकांची नजर त्या देशाकडे आहे. तेथल्या कवितेबरोबर तेथल्या शाळांकडेही पाहायला हवे होते, ते आपण कमी पाहिले. १९५४ साली ब्राऊन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल ऐतिहासिक होता. पण शाळा एक करताना काळ्यांच्या शाळा बंद झाल्या, मुले गोऱ्यांच्या शाळांत गेली आणि काळ्या शिक्षकांना त्या शाळांत घेतले गेले नाही. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडील आणि सीमेवरील १७ राज्यांत सुमारे ३८ हजार काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीतून गेले. बाक मिळाला, फळा गेला. याचे मोल पुढे कळू लागले. उत्तर कॅरोलिना राज्यातल्या सुमारे एक लाख कृष्णवर्णीय मुलांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१७ साली पुढे आला. तिसरी ते पाचवी या तीन वर्षांत ज्या मुलांना एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, त्यांच्यात शाळा सोडण्याचे प्रमाण घटले होते; आणि अत्यंत गरीब घरांतल्या मुलग्यांत ही घट ३९ टक्के होती. एक वर्ष, एक शिक्षक, आणि त्याचा परिणाम सात-आठ वर्षांनंतर दिसतो! मला माझे चौथीचे वर्ष आठवले.

आतापर्यंतचे सगळे आपल्या सोयीचे झाले. आता गैरसोयीचे सांगते.

रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतातच आणखी एक अभ्यास केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. पहिल्या पानावर जी जात लिहिली होती ती खऱ्या मुलाची नव्हती, मनाला येईल तशी टाकलेली होती. खालची जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक मोठा नव्हता, पण होता. येथवर नवल नाही. नवल पुढे आहे. हे कमी गुण देणारे कोण, हे पाहिल्यावर आढळले की उच्चवर्णीय शिक्षकांकडून भेदभाव झाल्याचे दिसत नाही. तो झाला होता खालच्या जातींतून आलेल्या शिक्षकांकडून.

हा निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा संतापले. हा आपल्याला बदनाम करण्याचा डाव आहे असे वाटले. मग मला माझ्या कपाटातली एक वही आठवली.

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांवर नाव नसते. पण अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण आमच्या हातात असतात आणि तेथे मुलाचा चेहरा समोर असतो. काही वर्षांपूर्वी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला असलेल्या आमच्या वस्तीकडच्या एका मुलाने प्रकल्प म्हणून वीटभट्टीवर विटा पाडणाऱ्या आपल्या आईचा एक दिवस लिहून दिला होता. तो त्याने आपल्या बोलीत लिहिला होता: ‘व्हती’, ‘म्या’, ‘आन्’. मी लाल शाईने एकेक शब्द दुरुस्त केला आणि वीसपैकी अकरा गुण दिले. त्याच गठ्ठ्यात एका मुलीने गाईडमधून स्वच्छ अक्षरात उतरवून आणलेल्या निबंधाला मी पंधरा दिले होते. ज्या आठवड्यात मी हे केले, त्याच आठवड्यात मी वर्गात ‘बलुतं’ शिकवीत होते आणि बोलीभाषेने मराठी साहित्याला कशी नवी शक्ती दिली हे मोठ्या आवाजात सांगत होते.

असे का झाले? त्याच सुमाराला एक सहकारी हसत हसत म्हणाले होते, "काय मॅडम, यंदा तुमच्या पोरांना पैकीच्या पैकी का?" त्यांनी ते विनोदाने म्हटले आणि विसरूनही गेले असतील. मी विसरले नाही. तासिका तत्त्वावर सात वर्षे काढून मी कायम झाले होते. त्या सात वर्षांत दर जूनला नवी मुलाखत, दर उन्हाळ्यात मानधन बंद. आणि ज्या विभागात मी होते तेथे आमच्यातली मी एकटीच. मी पक्षपाती नाही, हे मला रोज सिद्ध करायचे होते. ते मी कोणाच्या जिवावर सिद्ध केले? त्या मुलाच्या. आणि दुसरे एक कारण आहे, ते कबूल करायला अधिक जड जाते. ‘व्हती’ हा शब्द मी स्वतःच्या तोंडातून फार कष्टाने काढून टाकला होता. तो पुन्हा कागदावर दिसल्याबरोबर मला भीती वाटली.

म्हणून मला त्या अभ्यासातून उलटा अर्थ निघतो असे वाटत नाही. आपले शिक्षक नकोत, असा तो अर्थ नव्हे. शिक्षक एकटा असला की त्याची सगळी शक्ती आपण येथे उभे राहण्याच्या लायकीचे आहोत हे दाखवण्यात जाते. मुलाच्या वाट्याला उरलेसुरले येते. सिडनहॅम कॉलेजात १९१८ साली बाबासाहेब अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी येऊन बसू लागले. आणि त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाची ही गत. विद्यार्थ्यांनी स्वीकारलेला शिक्षकही स्टाफरूममध्ये एकटाच असतो. सवर्ण घरातल्या ज्या मुलांनी ती व्याख्याने ऐकली, त्यांना अस्पृश्याच्या तोंडून ज्ञान घ्यायची ती पहिलीच वेळ असेल, आणि त्यांनी ती दवडली नाही. वैविध्याचा लाभ फक्त दलित मुलाला होतो असा जो समज आहे, तो या एका उदाहरणावरून तरी सोडून द्यायला हरकत नाही.

मग प्रश्न संख्येचा येतो, आणि संख्येचा प्रश्न बिंदुनामावलीत दडलेला असतो. सर्वसाधारण वाचकाला हा विषय रुक्ष वाटतो. तो तसा वाटावा अशीच त्याची भाषा असते. पण तत्त्व सोपे आहे. पदे ओळीने मांडायची आणि कितवे पद कोणाचे ते ठरवायचे. केंद्रीय पद्धतीत चौथे पद इतर मागासवर्गाचे, सातवे अनुसूचित जातीचे, चौदावे अनुसूचित जमातीचे. आता ही ओळ संपूर्ण विद्यापीठाची धरली तर सातवे पद लवकर येते. प्रत्येक विभागाची वेगळी ओळ धरली तर ज्या विभागात सहाच पदे आहेत तेथे अनुसूचित जातीचा माणूस कधीच येणार नाही, आणि तेरा पदांच्या विभागातही आदिवासी येणार नाही. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हा घटक धरावा असा निकाल दिला. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. देशभर आंदोलने झाली. मार्च २०१९ मध्ये वटहुकूम आणि त्याच वर्षी कायदा होऊन केंद्रीय संस्थांसाठी पुन्हा संपूर्ण संस्था हा घटक ठरला. लढा जिंकला, हे खरे. पण ओळीत बिंदू असून उपयोग नाही; पद भरले गेले तर बिंदूला अर्थ. आमच्याकडे पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, आणि तासिका तत्त्वावर जो येतो तो डोके खाली घालून येतो. भरतीची वेळ आली तरी ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा तयार असतोच. २०१९-२० च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीत विद्यार्थ्यांमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण १५ टक्क्यांच्या जवळ होते. अध्यापकांमध्ये ९ टक्के. जमातींचे विद्यार्थी साडेपाच टक्क्यांच्या आसपास आणि अध्यापक अडीच टक्क्यांच्याही आत. बाक भरत चालले आहेत, फळा तसाच आहे.

आणि बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडेही वळतात. ‘आपले’ शिक्षक म्हणताना आपल्या मनात कोण असते? पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. ती मांग होती. तिचे नाव आपण व्यासपीठावरून घेतो. पण आपल्याच कार्यकर्त्यांनी चालवलेल्या शाळा-महाविद्यालयांत मातंग शिक्षक किती, पारधी-वडार-कैकाडी किती, स्त्रिया मुख्याध्यापक किती, ते एकदा हजेरीपटावर पाहावे. माझ्या वर्गात एक पारधी मुलगी शेवटच्या बाकावर बसते. तिच्या दृष्टीने मीही त्या पहिल्या गुरुजींसारखीच असेन. तिच्या घरातला एकही शब्द मला येत नाही.

ते अकरा गुण दिल्यानंतरच्या वर्षापासून मी आणि इतिहास विभागातल्या एक सहकारी बाई अंतर्गत गुणांचे गठ्ठे अदलाबदल करून तपासतो. नावावर कागद चिकटवतो. मराठीचे त्या तपासतात, इतिहासाचे मी. विषयाचे ज्ञान कमी पडते तेथे एकमेकींना विचारतो. प्राचार्यांनी हरकत घेतली नाही, उत्तेजनही दिले नाही. बोलीत लिहिलेल्या मजकुराचे गुण कापायचे नाहीत, एवढे आम्ही दोघींनी ठरवून घेतले आहे. मुलाला प्रमाणभाषा निराळी शिकवायची, त्याचे लिहिणे आधी वाचायचे. याने जग बदलत नाही. माझा हात तेवढा सावध राहतो.

तो वीटभट्टीवाला मुलगा पुढे बी. ए. झाला, बी. एड. झाला आणि आता शिक्षकभरतीच्या यादीत नाव येण्याची वाट पाहत एका खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवतो. गेल्या महिन्यात तो वर्तणुकीच्या दाखल्यावर सही घ्यायला आला होता. वही अजून माझ्या कपाटात होती. मी ती काढून त्याच्यापुढे ठेवली आणि सांगितले की हे अकरा गुण चुकीचे होते, सतरा-अठरा द्यायला हवे होते, आणि मी ते का दिले नाहीत तेही सांगितले. त्याने वही उलटीसुलटी करून पाहिली. लाल शाईच्या खुणांवरून बोट फिरवले. मग जरा हसला.

"मॅडम," तो म्हणाला, "मला तर तवा ते अकराच लई वाटले व्हते."